बांधावरची बारतोंडी आणि लाल रंगाचा बाजार

आज बारतोंडीबद्दल थोडं.

आमच्या बांधावर हिची दोन झाडं आहेत. समोरासमोर पानं, पांढरी वासाची फुलं आणि अंगभर डोळे असल्यासारखं फळ. हिच्याच जातकुळीतल्या ‘आल’ची (आल्याशी गल्लत नको!) एके काळी नगदी पीक म्हणून शेती व्हायची. खानदेश, वऱ्हाड, माळवा, बुंदेलखंड इथल्या काळ्या जमिनीत. कुळ रुबिएसी, म्हणजे कॉफी, कदंब आणि मंजिष्ठेचं.

माल होता मुळाच्या सालीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड मुळासकट खणून काढायचे. बारीक मुळीला जास्त रंग. अर्ध्या इंचाहून जाड मूळ बहुधा बाजूलाच टाकायचे. झाड जुनं झालं की रंग जवळजवळ संपतो. म्हणजे झाड असलं तरी हिशेब पिकाचाच.

गंमत अशी, की मूळ आतून पिवळं. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढायचं, मग तुरटी, मग आलची साल घालून उकळायचं. तुरटीतलं ॲल्युमिनियम रंगाला धाग्याशी बांधतं, तेव्हा पक्का लाल उतरतो.

मग १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनतज्ज्ञांनी दगडी कोळशाच्या डांबरातल्या अँथ्रासिनपासून अलिझरीन बनवलं. तो रंग युरोपातल्या मॅडरचा, म्हणजे मंजिष्ठेच्या चुलतबहिणीचा. आलचा रंग वेगळा, मोरिंडोन. त्याची नक्कल कुणी केलीच नव्हती. पण रंगाऱ्याला हवा होता स्वस्त लाल, आणि तो कारखान्यातून मिळू लागला. फ्रान्समधली मॅडरची शेती बसली, आपल्याकडचा आलही गेला.

यात ना जमीन कमी पडली, ना शेतकरी. रोगही आला नव्हता. गिऱ्हाईकाला आल नकोच होता, लाल रंग हवा होता.

आज नैसर्गिक रंगांची पुन्हा चर्चा आहे. त्याच बारतोंडीच्या भाईबंदाचा रस ‘नोनी’ म्हणून बाटलीत विकला जातो. कुणी रोपं घेऊन दारात आलं तर माझे तीन प्रश्न असतात: घेणार काय, फळ की मूळ? तिसऱ्या वर्षी खणाईची मजुरी कुणाची? आणि दर कागदावर देणार का?

तुमच्या भागात हिला काय म्हणतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून सांगा.