नाव नसलेलं वादळ आणि शेवटची वस्ती



आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना प्रश्न पडला असेल. चक्रीवादळाची पूर्वतयारी हा कोकणाचा, फार तर मुंबईचा विषय. शिरूर आणि दौंड तालुक्यांचा समुद्राशी काय संबंध? मध्ये सह्याद्री उभा आहे. हा भाग पर्जन्यछायेतला, अवर्षणप्रवण. इथला माणूस पाऊस येईल का म्हणून आभाळाकडे बघतो, वादळ येईल म्हणून नाही.

पण एकदा नकाशा डोळ्यांपुढे आणा. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा या दोन तालुक्यांच्या मधून वाहते. रांजणगाव सांडसजवळ पुण्याचं पाणी घेऊन आलेली मुळा-मुठा तिला मिळते. शिरूर गावाला लागून वाहणारी घोड पुढे दौंडच्या वरच्या बाजूला भीमेत येते. म्हणजे मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इथे जे आभाळ फाटतं, त्याचा हिशेब दौंडच्या पुलाखाली होतो. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत दोन आकडे ठरलेले असतात. बंडगार्डनचा विसर्ग आणि दौंडचा विसर्ग. उजनीत किती पाणी येणार हे सोलापूरकर दौंडच्या आकड्यावरून ओळखतात. वादळ समुद्रावर जन्मतं खरं, पण त्याचं पाणी नदीच्या वाटेनं आपल्या दारात येतं.

आमचं आजचं म्हणणं साधं आहे. वादळापूर्वीच्या तयारीचा इतिहास हा यंत्रांचा जितका आहे, तितकाच निरोप्यांचा आहे. इशारा कुणी तयार केला हे आपल्याला माहीत असतं. तो शेवटच्या वस्तीपर्यंत कुणी नेला, आणि कुणी नेलाच नाही, हे आपण विचारत नाही.

सुरुवात कलकत्त्यापासून करू. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी तिथे भयंकर चक्रीवादळ आलं, हजारो माणसं गेली. त्यानंतर बंदरासाठी वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था उभी राहिली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. या खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिथून जवळच एसटीची गाडी पकडून आपले शिरूर-दौंडचे लोक घरी येतात. म्हणजे देशभराच्या हवामानाचा अंदाज जिथे बांधला जात होता, ते ठिकाण या दोन तालुक्यांपासून काही तासांवर होतं.

दौंडला तर तारही लवकर आली, कारण रेल्वे आली. पुण्याहून दिक्सळपर्यंतचा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये. रेल्वेबरोबर तारेचे खांब आले. स्टेशन मास्तरांच्या टेबलावर बातमी काही मिनिटांत पोचू लागली. पण स्टेशनपासून पाच कोसांवरच्या वाडीला ती कशी कळायची? तिथे तार नव्हती. तिथे माणूस होता.

तो माणूस कोण, हे नीट बघितलं पाहिजे. गावात दवंडी पिटणं, सरकारी सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी जाणं, वेशीवर जागणं ही कामं गावगाड्यानं महार समाजावर वतन म्हणून लादली होती. रामोशी समाजाकडे रखवालीचं काम. आपण कधी कधी भाबडेपणानं म्हणतो, पूर्वी गावात किती छान व्यवस्था होती, दवंडी दिली की सगळ्या गावाला कळायचं. कळायचं, हे खरं. पण ते नेणाऱ्याला नाही म्हणण्याची मुभा नव्हती. ती सेवा नव्हती, वेठ होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचं विधेयक मांडलं. गंमत बघा, ज्या वर्षी हवामान खात्याचं मुख्यालय पुण्यात आलं, त्याच वर्षी. अखेर १९५८ च्या कायद्यानं ही कनिष्ठ ग्रामवतनं रद्द झाली.

ही सांगड आम्ही मुद्दाम घालतोय. वेठ संपली ही मोठी गोष्ट झाली. पण निरोप न्यायचं काम संपलं नाही. ते आता सगळ्यांचं झालं. आणि सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, असं व्हायला वेळ लागत नाही. स्वयंसेवक या शब्दाला खरा अर्थ इथून येतो. जे काम पूर्वी एका समाजावर जबरदस्तीनं टाकलं होतं, ते कुणीही, कुठल्याही घरातल्या माणसानं, आपण होऊन उचलायचं.

वतनं गेल्यानंतर थोड्याच वर्षांत पुणे जिल्ह्यानं मोठी परीक्षा दिली. १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं. आदल्या रात्री लष्कराचे जवान पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचत होते. त्यांच्या त्या मेहनतीनं जे काही तास मिळाले, त्यामुळे लोंढा रात्रीच्या झोपेत नाही, दिवसाउजेडी शहरात शिरला. कितीतरी जीव त्यामुळे वाचले. पण मिळालेले ते तास वापरले गेले का? शहराला वेळेत आणि स्पष्ट इशारा मिळाला नाही. पूर ओसरल्यावर मात्र मदतीला तोटा नव्हता. चिखल उपसायला विद्यार्थी आले, घरोघरी जेवण गेलं, कपडे गेले. आपल्या समाजाचा स्वभाव यात दिसतो. संकटानंतर आपण धावून जातो. संकटाआधी धावणं आपल्याला थोडं अतिउत्साहाचं वाटतं. उगाच लोकांना कशाला घाबरवा, असं आपण म्हणतो.

संकटाआधी धावायचं शिकवलं ते आपल्या शेजाऱ्यांनी. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, भोला चक्रीवादळ धडकलं. मृतांचा अंदाज तीन ते पाच लाखांचा आहे. वादळ येतंय हे कळलं नव्हतं असं नाही. कळलेलं किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत अशा शब्दांत पोचलं नाही की तो उठून चालू लागेल. देश स्वतंत्र झाल्यावर तिथे रेड क्रेसेंटबरोबर चक्रीवादळ पूर्वतयारीचा कार्यक्रम उभा राहिला. त्यात गावातलेच तरुण. हातात भोंगा, सायकल आणि झेंडा. एक झेंडा म्हणजे सावध, दोन म्हणजे जवळ आलं, तीन म्हणजे आता निघाच. वाचता न येणाऱ्यालाही झेंडे मोजता येतात. आज तिथे असे हजारो स्वयंसेवक आहेत, आणि त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येनं आहेत. कारण घरातल्या बाईला परक्या पुरुषानं ‘घर सोडा’ म्हणून सांगणं आणि ओळखीच्या बाईनं सांगणं, यात फरक पडतो.

आपल्याकडे ओडिशानं तोच धडा घेतला. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन आलं, तेव्हा वादळ येण्याआधीच दहा लाखांच्या आसपास लोक हलवले होते. मृतांचा आकडा शंभराच्याही खूप खाली राहिला. वारा कमी नव्हता. निरोप पोचला होता.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. २०२० हे साल सगळ्यांना करोनासाठी आठवतं. पण त्याच वर्षी पुणे जिल्ह्यावर दोन बाजूंनी दोन वादळी प्रणाली चालून आल्या, आणि त्या दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

पहिली पश्चिमेकडून. ३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. हे नाव बांगलादेशनं सुचवलेलं, आणि तेरा देशांच्या नव्या यादीतलं पहिलं. रायगड ओलांडून ते घाटावर चढलं आणि पुणे जिल्ह्याच्या वायव्य भागावरून ईशान्येकडे गेलं. मावळ, खेड, जुन्नर भागात घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, पॉलिहाऊस उद्ध्वस्त झाली. पण दोन दिवस आधीपासून प्रत्येक वाहिनीवर त्या नावाचा जप चालू होता. महाराष्ट्र आणि गुजरात मिळून एक लाखाहून अधिक लोक हलवले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन आपल्याच जिल्ह्यात, तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिच्या तुकड्या किनाऱ्यावर आधीच जाऊन बसल्या होत्या. शिरूर-दौंडकडचा शेतकरीसुद्धा कांद्याच्या चाळीवर ताडपत्री घट्ट बांधून, जनावरं झाडाखालून काढून घरात बसला. करोनामुळे रस्तेही ओसच होते.

दुसरी पूर्वेकडून. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ जमिनीवर आलं. तिथून तेलंगण, कर्नाटक ओलांडत ते १४ तारखेला आपल्याकडे सरकलं. त्याला नाव नव्हतं. नियम असा आहे, की वाऱ्याचा वेग ताशी साधारण ६२ किलोमीटरच्या वर गेला तरच चक्रीवादळ म्हणायचं, आणि तेव्हाच नाव द्यायचं. याचा वारा तेवढा नव्हता. पाऊस मात्र अफाट होता. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. आणि दौंड तालुक्यात खानोट्याच्या बाजूला, ओढ्याला पूर आलेला असताना दुचाकीवरून तो ओलांडणारे चार जण वाहून गेले.

इथे थांबून विचार करा. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, अवर्षणप्रवण तालुक्यात, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यात चार माणसं गेली. इशारा होता का? होता. हवामान खात्यानं मुसळधार पावसाचा अंदाज दिला होता. पण नाव असलेल्या वादळाला आपण घाबरलो, नाव नसलेल्याला ‘परतीचा पाऊस’ म्हणून सोडून दिलं. मोठी बातमी टीव्ही घरी आणून देतो. ‘त्या ओढ्यावरून आज रात्री जाऊ नका’ ही बातमी कुठलाच टीव्ही देत नाही. ती त्या ओढ्याच्या काठावरच्या माणसालाच द्यावी लागते.

म्हणून आपल्याकडच्या स्वयंसेवेचं रूप किनाऱ्यापेक्षा वेगळं हवं. इथे होड्या आणि निवारे नंतर. आधी लागतात दोन माणसं, एक बॅटरी आणि एक दोरी. पाणी फरशी पुलावरून वाहू लागलं की दोन्ही बाजूंना रस्ता अडवून उभं राहायचं. येणारा माणूस ओळखीचा असतो, तो म्हणतो, ‘अरे, रोजचा रस्ता आहे, जाऊ दे.’ त्याला ‘अण्णा, आज नाही’ म्हणून सांगायला परका पोलीस लागत नाही, गावातला धीट पोरगा लागतो. थोडी वाईटपणा घेण्याची तयारी लागते. खरी स्वयंसेवा बरेचदा एवढीच असते.

साधनं आपल्याकडे आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे दिली. गावात पोलीस पाटील आहे, कोतवाल आहे. पुणे जिल्ह्यातल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एकानं फोन केला की त्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या सगळ्या फोनवर एकदम जातो. चोर आले, बिबट्या दिसला, धरणातून पाणी सोडलं, सगळ्यासाठी ती चालते. दवंडीचंच हे नवं रूप, फक्त वेठीशिवायचं. धरणातून विसर्ग वाढणार म्हटलं की भीमाकाठचे शेतकरी रात्रीतून नदीवरच्या मोटारी वर ओढून घेतात. एकमेकांच्या मोटारींना हात लावतात. ही तयारी त्यांना कुणी शिबिर घेऊन शिकवलेली नाही.

पण ज्याचा नंबर यादीत नाही, त्याचं काय? ऑक्टोबरात साखर कारखान्यांच्या हंगामाच्या तोंडावर ऊसतोड टोळ्या यायला लागतात. त्यांच्या कोप्या बऱ्याचदा ओढ्या-नदीच्या कडेच्या मोकळ्या रानात पडतात, कारण तिथे पाणी जवळ असतं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींभोवती परप्रांतातले कामगार राहतात, त्यांना मराठी निरोप कळेलच असं नाही. मेंढपाळाचा वाडा तर आज इथे, उद्या तिथे. यंत्रणेला ही माणसं दिसत नाहीत. शेजाऱ्याला दिसतात. पावसाळ्याच्या आधी गावच्या पोरांनी बसून एक यादी करावी. कुठल्या कोपीत कोण आहे, कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, शाळेच्या खोलीची किल्ली कुणाकडे आहे. कागदाची एक बाजू पुरते. ती यादी दर वर्षी, आणि टोळ्या आल्या की परत एकदा, नवी करावी.

पूर्वी निरोप्याला वेशीबाहेर राहावं लागे. आज निरोप ज्याच्यापर्यंत पोचत नाही, तो वेशीबाहेर राहिलेला असतो. वतनं कायद्यानं गेली, ही वेस मात्र आपणच ओलांडायची आहे.

पुढच्या पावसाळ्यात दौंडच्या विसर्गाचा आकडा वाचाल, तेव्हा एवढंच मनात आणा. हा आकडा नदीकाठच्या शेवटच्या कोपीला कुणी सांगितला? उत्तर मिळालं नाही, तर फोन उचला, नाहीतर चप्पल घाला आणि निघा.

प्रश्नोत्तरं आता घेऊ.