शंभर सीसीची गोष्ट

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

इतिहासाचा मास्तर मोटरसायकलवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं तर ते साहजिक आहे. वर्गात मी शिवकाल शिकवतो, पेशवाई शिकवतो. पण एका जुन्या गाडीने मला जो इतिहास शिकवला, तो कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता. शिवाय त्याची फी मी रोख मोजली. म्हणून आज त्या गाडीची गोष्ट सांगतो.

गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००. आमच्या पिढीला या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही. नव्या श्रोत्यांसाठी सांगतो. ९८ सीसीचं, दोन स्ट्रोकचं, हवेवर थंड होणारं इंजिन, चार गिअर आणि ११ अश्वशक्ती. गाडीचं वजन शंभर किलोंच्या आसपास. आज हे आकडे किरकोळ वाटतील. पण १९८५ साली गावातल्या रस्त्यावरून ती ‘टर्रर्र’ करत निघाली, की पानटपरीवरची माणसं बोलणं थांबवून बघत राहायची.

ती आली त्या काळाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. स्कूटर हवी तर नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. मोटरसायकलींत बुलेट, राजदूत आणि म्हैसूरची येझदी. यांतली राजदूत मूळची पोलंडची, येझदी चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या वंशातली. दोन्ही दणकट, पण आराखडे जुने. १९८० नंतर सरकारने शंभर सीसीपर्यंतच्या दुचाकींसाठी परदेशी कंपन्यांशी भागीदारीला परवानगी दिली आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी नावं एकदम दारात आली. १९८४ मध्ये टीव्हीएसबरोबर सुझुकी, १९८५ मध्ये हीरोबरोबर होंडा आणि एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, १९८६ मध्ये बजाजबरोबर कावासाकी. यांत होंडाचं इंजिन तेवढं चार स्ट्रोकचं. बाकी तिन्ही दोन स्ट्रोकच्या.

आरएक्सच्या सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या गेल्या. पुढे उत्तर प्रदेशातल्या सूरजपूरच्या कारखान्यात ती तयार होऊ लागली. माझ्या थोरल्या भावाला ती हवी होती. वडील म्हणाले, “लिटरमागे किती जाते ते बघ, किती पळते ते नको सांगू.” घरात होंडा आली. भाऊ पुढे कधी काही बोलला नाही. पण रस्त्यात आरएक्सचा आवाज आला की तो मान वळवायचा, हे मी पाहिलेलं आहे.

२००९ साली पुण्यात एका गृहस्थांकडे १९९४ ची आरएक्स विकाऊ असल्याचं कळलं. १५ हजारांत सौदा ठरला. टाकी चकचकीत, सीट नवं, एका किकमध्ये सुरू. मी कागद बघितले, पैसे दिले आणि स्वतःच चालवत साताऱ्याला निघालो. कात्रज ओलांडण्यापूर्वी पंपावर टाकी भरली. बाजूला दोन स्ट्रोकच्या ऑइलची वेगळी टाकी असते, ती काठोकाठ भरलेली होती. सुरुवातीला मागे थोडा निळसर धूर दिसत होता. शिरवळला चहाला थांबलो तेव्हा तोही दिसेनासा झालेला. मला कोण आनंद झाला! जुनी आरएक्स आणि धूर नाही, म्हणजे हिराच हाताला लागला.

खंबाटकीच्या चढावर आवाज बदलला. इंजिन दमल्यासारखं झालं, आणि काही कळायच्या आत मागचं चाक जागीच थांबलं. गाडी आडवी सरकली. मागे एसटी होती. डाव्या हाताने क्लच कसा दाबला गेला ते आजही मला सांगता येत नाही. पण चाक सुटलं आणि मी कडेच्या खडीत जाऊन थांबलो. एसटी हॉर्न वाजवत दोन हातांवरून गेली. मग एका छोट्या हत्तीत गाडी घातली आणि आम्ही दोघं साताऱ्यात पोचलो.

पोवई नाक्याजवळच्या गॅरेजमधल्या मामांनी हेड उघडलं, बोअरवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “सर, ऑइल कुठं टाकत होता?”

मी म्हटलं, “ऑइलची टाकी फुल आहे की.”

“टाकी फुल आहे, पण पंप बंद करून टाकलाय. ह्यो मालक पेट्रोलात मिसळून टाकत असणार. तुम्ही नुसतं पेट्रोल जाळत आलाय.”

धूर का नव्हता, ते तेव्हा कळलं. इंजिनाला तेलच मिळत नव्हतं. पंपावर मी साधं पेट्रोल भरलं, आधीचं मिसळलेलं तेल पातळ होत गेलं आणि चढावर पिस्टन जाम झाला. विकणाऱ्याने सांगितलं नाही हे खरं. पण मी विचारलं नाही हेही तितकंच खरं. आयुष्यभर विद्यार्थ्यांना ‘साधनांची चिकित्सा करा’ म्हणून सांगितलं, आणि स्वतः रंग बघून सौदा केला.

गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडून होती. त्या काळात मी तिचा इतिहास शोधायला लागलो. तो साताऱ्याहून निघाला आणि थेट जर्मनीत पोचला.

जर्मनीतल्या चोपाऊ नावाच्या गावात डीकेडब्ल्यू ही कंपनी होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती जगातली सर्वांत मोठी मोटरसायकल कंपनी झाली. तिची आरटी १२५ ही छोटी दोन स्ट्रोक गाडी इतकी सुटसुटीत होती, की दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांनी तिचा आराखडाच उचलला. इंग्लंडमध्ये बीएसएची बँटम, अमेरिकेत हार्लेची १२५, रशियात मॉस्क्वा, ही सगळी तिचीच भावंडं. १९५५ साली जपानमध्ये वाद्यं बनवणाऱ्या एका कंपनीने तिच्याच धर्तीवर आपली पहिली मोटरसायकल काढली, वायए-१. त्याच वर्षी जुलैत फुजी पर्वताच्या चढाच्या शर्यतीत ती पहिली आली. ही कंपनी यामाहा. तिच्या चिन्हात आजही तीन ट्यूनिंग फोर्क आहेत. तोराकुसु यामाहा या गृहस्थांनी १८८७ साली हामामात्सूच्या शाळेतला एक बिघडलेला ऑर्गन दुरुस्त केला, तिथून या घराण्याची सुरुवात झाली. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा भाऊबंद. हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांवर दोन्हींचा सूर चालतो. गंमत अशी, की आरएक्सच्या कार्बोरेटरमागेही अशाच पातळ पट्ट्यांची झडप असते आणि तिलाही ‘रीड’च म्हणतात. पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येऊ द्यायचं, मागे परतू द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. आरएक्सच्या झटकन मिळणाऱ्या पिकअपमध्ये तिचा वाटा मोठा आहे.

गोष्टीचा दुसरा भाग जास्त नाट्यमय आहे. युद्धानंतर चोपाऊ पूर्व जर्मनीत गेलं आणि तिथल्या कारखान्याचं नाव एमझेड झालं. तिथे वॉल्टर काडेन नावाचे अभियंता होते. दोन स्ट्रोकच्या इंजिनात झडपांची यंत्रणा नसते. जळालेला धूर बाहेर जाताना ताजं मिश्रणही त्याच्याबरोबर निसटतं, हा तिचा जन्मजात दोष. काडेन यांनी एक्झॉस्टच्या नळीला मध्ये पोट दिलं आणि पुढे ती निमुळती केली. बाहेर निघालेली दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. या विद्येच्या जोरावर त्यांनी १९६१ मध्ये १२५ सीसीतून २५ अश्वशक्ती काढली. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीत त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. इंजिन बिघडलं, आणि तो पूर्व जर्मनीला परतलाच नाही. बर्लिनची भिंत उभी राहून जेमतेम महिना झाला होता. डेग्नर सुझुकीकडे गेला, त्याच्याबरोबर काडेनची विद्याही गेली. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटात आपलं पहिलं जगज्जेतेपद मिळवलं, स्वार होता डेग्नर. काडेन मात्र चोपाऊलाच राहिले. पुढची जवळपास चाळीस वर्षं शर्यतीच्या मैदानावर दोन स्ट्रोकचं राज्य चाललं, ते मुख्यतः त्यांच्या नळीवर.

हे सांगण्याचं कारण आहे. आरएक्सच्या साध्या सायलेन्सरमध्येही या विद्येचा सौम्य अंश आहे. आवाज यावा म्हणून आतली नळी काढून फेकणाऱ्या मुलांना वाटतं, गाडी पळायला लागली. खरं तर आवाज पळतो, गाडी मागेच राहते. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप जाते ती वेगळीच.

आता जुनी दोन स्ट्रोक घेऊ पाहणाऱ्यांसाठी मामांकडून शिकलेलं सांगतो. रंग शेवटी बघा. आधी चॅसी आणि इंजिनावरचे नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा. खाडाखोड दिसली तर फुकट मिळाली तरी घेऊ नका. नोंदणीची १५ वर्षं संपली असतील तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर यांचा हिशेब आधी करा. मग ऑइलचा पंप चालू आहे का, ते स्पष्ट विचारा. यामाहाने हा पंप १९६४ मध्ये आणला. तो इंजिनाचा वेग आणि थ्रॉटल दोन्ही बघून तेल सोडतो. तेल पेट्रोलात मिसळलं, तर लांब उतारावर थ्रॉटल बंद असताना पेट्रोल कमी येतं, म्हणजे तेलही कमी येतं, आणि इंजिन मात्र जोरात फिरत असतं. आपल्याकडे घाट काही कमी नाहीत.

पुढे इंजिन तापवून बघा. तापल्यावर ते आपोआप भरधाव फिरू लागलं तर मॅग्नेटोकडचं क्रँक सील हवा ओढतंय. धूर दाट पांढरा आणि गिअरचं ऑइल कमी होत असेल तर क्लचकडचं सील गेलं. बोअर कितव्या साइजला आहे तेही विचारा. प्रत्येक वेळी पाव मिलिमीटरने मोठा पिस्टन बसतो, आणि शेवटचा साइज संपला की सिलिंडर संपला. गाडी घेतल्यावर प्लग काढून पाहत जा. चॉकलेटी रंग चांगला. पांढरा म्हणजे इंजिन उपाशी, काळा-ओला म्हणजे अपचन. अधूनमधून एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन खरवडून काढा. आणि ब्रेक! दोन्ही चाकांना साधे ड्रम ब्रेक आहेत. ही गाडी जितक्या लवकर धावते तितक्या लवकर थांबत नाही. किती घरांना हे फार उशिरा कळलं.

माझी गाडी मामांनी पुन्हा बांधली. पुण्याच्या नाना पेठेतून पिस्टन आणि रिंगा आणल्या, लेथवाल्याकडून बोअर केला, पंप पुन्हा जोडला. मागे निळसर धूर दिसला तेव्हा मामा म्हणाले, “आता बरोबर.” भावाला चावी दिली. साठीकडे झुकलेला माणूस, चक्कर मारून आला आणि एवढंच बोलला, “होंडाच बरी होती रे घरासाठी.” पण चावी त्याने संध्याकाळपर्यंत परत दिली नाही.

भावाचं म्हणणं मी टाळू शकत नाही. ही गाडी बंद का झाली? १९९१ मध्ये देशात धुराचे निकष आले. १९९६ मध्ये ते कडक झाले, दुचाकीने किलोमीटरमागे जास्तीत जास्त ४.५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड सोडावा. २००० मध्ये ही मर्यादा २ ग्रॅमवर आली. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. तिच्या १३५ सीसीच्या बहिणी आणखी काही वर्षं टिकल्या, मग त्याही गेल्या. अनेक चाहते याला अन्याय म्हणतात. मला तसं वाटत नाही. निसटणारं मिश्रण आणि जळणारं तेल शेवटी कोणाच्या तरी छातीत जातं. माझ्या वर्गात इनहेलर घेऊन बसणारी मुलं आहेत. सगळं शहर दोन स्ट्रोकवर फिरायचं तेव्हा चौकात श्वास कसा कोंडायचा, ते मी विसरलेलो नाही.

मग मी ती का ठेवली आहे? आज चांगल्या आरएक्सला लाखाच्या पुढचे आकडे ऐकू येतात, पण म्हणून नाही. जुनं हत्यार आपण जपतो ते लढायला नव्हे, ते घडलं कसं हे कळावं म्हणून. माझी गाडी आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी निघते. सायलेन्सर मूळचा, पीयूसी वेळेवर, गर्दीच्या वेळी घरात. अडचणी येतातच. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं पुष्कळ आपल्याच उसाचं. पण ही गाडी घडली तेव्हा त्याचा विचार नव्हता. रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधल्या सीलवर लक्ष ठेवावं लागतं. टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवून चालत नाही, ते ओल धरतं.

खरी काळजी वेगळीच आहे. मामा आता थकले. क्रँक हाताने तपासून ‘किती गेलाय’ हे सांगणारी माणसं विरळ होत चालली. गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, “मामा, हे सगळं कोणाला तरी शिकवा.” ते हसले. म्हणाले, “सर, शिकवायचं काम तुमचं. बसा इथं.” तेव्हापासून दर शनिवारी मी वही घेऊन गॅरेजमध्ये बसतो. ते बोलतात, मी लिहून घेतो. हात काळे होतात. खंबाटकीच्या चढावर न विचारलेले प्रश्न आता एकेक करून विचारतो आहे.