दोहा घोषणापत्र आणि औषधांची उपलब्धता : परवाना व उत्पादनक्षमता यांतील अंतर

जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा येथील मंत्रिस्तरीय परिषदेने १४ नोव्हेंबर २००१ रोजी ट्रिप्स करार व सार्वजनिक आरोग्य यांविषयीचे घोषणापत्र स्वीकारले. सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी उपाय योजण्यास हा करार सदस्य राष्ट्रांच्या आड येऊ नये, तसेच सक्तीचा परवाना देण्याचा व त्याची कारणे ठरविण्याचा अधिकार त्यांना आहे, असे त्यात स्पष्ट करण्यात आले. विकसनशील राष्ट्रांचा राजनैतिक विजय म्हणून या घटनेचा उल्लेख केला जातो व तो यथार्थ आहे. मात्र गरीब देशांतील रुग्णांपर्यंत औषध कशामुळे पोहोचले, याचे उत्तर दोहापेक्षा त्यापूर्वीच्या इतिहासात अधिक सापडते.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे भारताने १९७० चा पेटंट कायदा केला. औषधांना उत्पादन पेटंट नाकारून केवळ प्रक्रिया पेटंट देण्याची तरतूद त्यात होती. साहजिकच तेच औषध निराळ्या पद्धतीने तयार करण्यास भारतीय कारखानदारांना मोकळीक मिळाली आणि तीन दशकांत मुंबई, हैदराबाद, अहमदाबाद येथे कुशल रसायनशास्त्रज्ञ व कारखाने उभे राहिले. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख युसुफ हमीद यांनी एचआयव्हीवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेस ३५० डॉलरमध्ये देऊ केला. पाश्चात्त्य देशांत त्यासाठी दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येत असे. दक्षिण आफ्रिकेच्या औषध कायद्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या ३९ कंपन्यांनी एप्रिल २००१ मध्ये आपला दावा मागे घेतला. या दोन्ही घटना दोहा परिषदेच्या आधीच्या आहेत, ही बाब बहुतेक विवेचनांत निसटते.

घोषणापत्राच्या सहाव्या परिच्छेदात खरी अडचण मान्य करण्यात आली होती. ट्रिप्सच्या कलम ३१ नुसार सक्तीच्या परवान्याखालील उत्पादन मुख्यत्वे देशांतर्गत बाजारपेठेसाठीच असावे लागते. मग ज्या देशात औषधाचा कारखानाच नाही, त्याने या अधिकाराचे करावयाचे काय? ३० ऑगस्ट २००३ च्या निर्णयाने निर्यातीसाठी परवान्याची सोय झाली. तीच पुढे कराराची दुरुस्ती म्हणून २३ जानेवारी २०१७ पासून अमलात आली. तथापि या मार्गाने औषध पोहोचल्याचे उदाहरण एकच आहे. रवांडाने जुलै २००७ मध्ये सूचना दिली, कॅनडातील अपोटेक्स कंपनीला सप्टेंबर २००७ मध्ये परवाना मिळाला आणि एचआयव्हीच्या गोळ्यांची पहिली खेप सप्टेंबर २००८ मध्ये रवाना झाली. आयात करणाऱ्या व निर्यात करणाऱ्या अशा दोन्ही देशांच्या सूचना, ठराविक संख्या, निराळे वेष्टन व रंग इतक्या अटी पाळून दुसरा उत्पादक पुढे आला नाही, यात आश्चर्य नाही.

दरम्यान १ जानेवारी २००५ पासून भारतातही उत्पादन पेटंट लागू झाले. निर्यातीच्या सक्तीच्या परवान्यासाठी त्याच वर्षी कलम ९२-क कायद्यात आले खरे; परंतु नव्या औषधांबाबत १९७० च्या कायद्याने दिलेली मोकळीक संपली. मार्च २०१२ मध्ये नॅटको कंपनीला कर्करोगावरील औषधासाठी परवाना मिळून महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला, तो देशांतर्गत रुग्णांसाठी.

कोविड काळात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. भारत व दक्षिण आफ्रिका यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये लस, औषधे व चाचणी साधने यांवरील बौद्धिक संपदा हक्क तात्पुरते स्थगित करण्याचा प्रस्ताव मांडला. जून २०२२ मध्ये जिनिव्हा येथे संमत झालेला निर्णय मात्र केवळ लशींपुरता होता. औषधे व चाचणी साधनांबाबत २०२४ च्या प्रारंभीही एकमत झाले नाही. त्यापूर्वी २०२१ मध्ये बोलिव्हियाने २००३ च्या तरतुदीचा आधार घेऊन लस आयात करण्याची सूचना दिली होती व कॅनडातील बायोलायझ कंपनीने उत्पादनाची तयारी दर्शविली होती. कॅनडाच्या कायद्यातील अनुसूचीत कोविडच्या लशीचे नाव नव्हते. ते समाविष्ट झाले नाही आणि परवानाही मिळाला नाही.