सायकल आली, साइडपट्टी कधी?

मोटारसायकली घरोघरी येण्याआधी हिंगोली, वसमत, कळमनुरी भागात शिक्षक, पोस्टमन, दूधवाले सायकलवरच फिरत. रात्री डायनॅमो चाकाला टेकवला की पायडल जड होई, पण वाट दिसे. सायकल थांबली की दिवाही विझे. मग मागची लाल काच तेवढी राखण करी.

1999 साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. हळूहळू मोठ्यांनी सायकल सोडली. ती मुलींनी हाती घेतली. 2006 साली सुरू झालेल्या मानव विकास मिशनच्या पहिल्या 12 जिल्ह्यांत हिंगोली होता. पुढे याच कार्यक्रमातून शाळेपासून 5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळू लागले. एसटी चुकली म्हणून शाळा बुडण्याचे कारण उरले नाही.

पण रस्ता? हंगामात उसाच्या ट्रॉल्या, हळदीचे ट्रॅक्टर, त्यात भरधाव गाड्या. मागून हॉर्न वाजला की मुलगी डांबराखाली उतरते, अन् पावसाळ्यात तिथे काळ्या मातीचा चिखल असतो. 2020 साली केंद्र सरकारने सायकलीच्या रिफ्लेक्टरच्या दर्जाबाबत आदेश काढला. मात्र रिफ्लेक्टर दुसऱ्याच्या उजेडावर चमकतो. पाय टेकायला जागा देत नाही. सायकलीमुळे मुलगी शाळेत पोहोचते. ती सुखरूप घरी यावी म्हणून डांबरालगत पक्की साइडपट्टी हवी.