घंटा कोणाच्या हातात? दिनचर्येच्या उपचाराची सव्वादोनशे वर्षे

१/
एकोणिसाव्या शतकातील युरोप-अमेरिकेच्या मनोरुग्णालयांत रुग्णाचा दिवस घंटेवर चाले. घंटा झाली की उठायचे, घंटा झाली की जेवायचे, घंटा झाली की दिवे मालवायचे. आज तशाच आजाराशी झुंजणारी प्रौढ माणसे एका खोलीत गोलाकार बसतात, हातात डायरी घेतात आणि ‘आंघोळीला मला किती मिनिटे लागतात?’ याचा अंदाज बांधायला शिकतात. घंटेपासून डायरीपर्यंतच्या या वाटचालीचा हा थ्रेड.

२/
आरंभ इंग्लंडमधील यॉर्क शहरात होतो. १७९० साली तेथील वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची स्त्री मरण पावली. ती क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती. पंथातील परिचितांना तिची भेटही घेऊ दिली गेली नव्हती. या घटनेने अस्वस्थ झालेल्या क्वेकर मंडळींत विल्यम ट्यूक हे चहाचे व्यापारी होते. आपल्या लोकांसाठी वेगळी जागा हवी, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १७९६ साली ‘रिट्रीट’ हे निवासस्थान उघडले.

३/
त्या काळी मनोरुग्णाला साखळदंड, फटके आणि रक्तमोक्षण हेच उपचार माहीत होते. रिट्रीटमध्ये त्यांऐवजी बागकाम, शिवणकाम, फेरफटका, वाचन आणि चहापान आले. नियमित कामाने माणसाचा स्वतःवरचा ताबा परत येतो, ही त्यामागची धारणा. विल्यम यांचे नातू सॅम्युएल ट्यूक यांनी १८१३ साली या संस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ही पद्धत दूरवर पोहोचली. दिवसाची घडी नीट बसवणे हाही उपचार ठरू शकतो, हा विचार येथे रुजला.

४/
परंतु रिट्रीट हे लहानसे घर होते. एकोणिसाव्या शतकात सरकारी मनोरुग्णालये शेकडो आणि पुढे हजारो खाटांची झाली. गिरणीच्या भोंग्याने कामगारांचे आयुष्य बांधले जात असतानाच इस्पितळांतही घंटेचे राज्य आले. शेती, धोबीखाना, स्वयंपाकघर यांतील कामे रुग्णच करीत आणि बहुतेकदा ती बिनपगारी असत. उपचार म्हणून आलेले वेळापत्रक हळूहळू संस्था चालवण्याचे यंत्र होऊन बसले.

५/
विसाव्या शतकाच्या प्रारंभी या यंत्राकडे नव्या दृष्टीने पाहणारे एक मानसोपचारतज्ज्ञ पुढे आले. अडॉल्फ मायर हे जन्माने स्विस, कर्मभूमी अमेरिका. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९१३ साली उघडलेल्या फिप्स चिकित्सालयाचे ते प्रमुख होते. मानसिक आजारात माणसाच्या जगण्याच्या सवयी विस्कटतात, रात्र-दिवसाचा, काम-विश्रांतीचा ताल हरवतो. हा ताल पुन्हा जुळवणे हे वैद्यकाचेच काम आहे, असे ते मानत.

६/
ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे व्यवसायोपचार, या नव्या शाखेची राष्ट्रीय संस्था अमेरिकेत १९१७ साली स्थापन झाली होती. १९२१ मध्ये तिच्या बाल्टिमोर येथील वार्षिक सभेत मायर यांनी व्याख्यान दिले. काम, खेळ, विश्रांती आणि झोप या चार तालांचा समतोल, आणि वेळेचे खरे मोल माणसाला उमगणे, हा त्याचा गाभा होता. पुढच्या वर्षी छापले गेलेले हे व्याख्यान व्यवसायोपचाराचा पायाभूत लेख मानले जाते.

७/
विचार मायर यांचा. त्याला रोजच्या व्यवहारात उतरवले एलिनॉर क्लार्क स्लेगल यांनी. शिकागोत प्रशिक्षण घेतलेल्या या समाजसेविकेला मायर यांनी आपल्या चिकित्सालयात बोलावून घेतले. जे रुग्ण वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसून राहत आणि अंघोळ-जेवणाचेही भान ज्यांना उरलेले नसे, त्यांच्यासाठी त्यांनी ‘सवयींचे प्रशिक्षण’ आखले. उठणे, तोंड धुणे, कपडे घालणे, अंथरूण आवरणे, काम, खेळ, फेरफटका, झोप अशी पूर्ण चोवीस तासांची बांधणी त्यात होती.

८/
ज्यांना ‘यांचे काही व्हायचे नाही’ म्हणून सोडून दिले होते, त्या माणसांकडे स्लेगल यांनी शिकू शकणारी माणसे म्हणून पाहिले. हे त्यांचे मोठेपण. पण या पद्धतीला एक मर्यादा होती. चोवीस तासांचा आराखडा परिचारिका आणि उपचारक तयार करीत; रुग्णाने तो पाळायचा असे. वेळापत्रक आता मायेने दिले जात होते, तरी ते दुसऱ्याने दिलेलेच होते.

९/
हेच वारे भारतातही आले. रांचीजवळील कांके येथे युरोपीय मनोरुग्णालय १९१८ साली सुरू झाले. ओवेन बर्कले-हिल यांच्या अधीक्षकपदाच्या काळात, १९२० च्या दशकाच्या आरंभी, तेथे व्यवसायोपचाराचा विभाग उभा राहिला आणि रुग्णांच्या सवयी घडवण्यासाठी तक्तेही वापरले गेले. मात्र हे रुग्णालय युरोपीय आणि अँग्लो-इंडियन रुग्णांसाठी होते. वसाहतीच्या राज्यात दिनचर्येच्या उपचारालाही वर्णाची भिंत होती.

१०/
ही शाखा सर्वांसाठी खुली होण्याची कथा मुंबईत घडते. अमेरिकेतील क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी यांनी विष्णू निंबकर यांच्याशी विवाह केला आणि त्या कमला निंबकर झाल्या. व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचे भारतातील पहिले विद्यालय सुरू केले. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, तीही त्यांच्या पुढाकाराने. फलटणचे ‘कमला निंबकर बालभवन’ आज त्यांचेच नाव सांगते.

११/
दरम्यान पाश्चात्त्य देशांत घंटेविरुद्ध आवाज उठला. १९६१ या एकाच वर्षी दोन ग्रंथ आले. फ्रान्समध्ये मिशेल फूको यांनी दाखवले की ट्यूक यांनी साखळदंड काढले खरे, पण पहारा रुग्णाच्या मनातच बसवला. अमेरिकेत अर्व्हिंग गॉफमन यांनी मनोरुग्णालयातील प्रत्यक्ष निरीक्षणांवरून लिहिले, की जेथे दिवसाचा प्रत्येक तास वरून ठरवला जातो, तेथे माणसाचे ‘स्व’त्वच झिजत जाते.

१२/
पुढच्या घडामोडी वेगाने झाल्या. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमॅझिन हे औषध आले आणि रुग्णांना इस्पितळाबाहेर राहणे शक्य होऊ लागले. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ साली सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते. १९८० पर्यंत ही संख्या दीड लाखाच्याही खाली गेली. १९७३ साली तेथील एका न्यायालयाने निर्णय दिला, की इस्पितळात राबणारे रुग्णही किमान वेतनाचे हक्कदार आहेत. बिनपगारी कामाचा आधार त्याने हादरला.

१३/
घंटा थांबली, पण तिच्या जागी काय आले? वीस-वीस वर्षे घंटेवर जगलेली माणसे भाड्याच्या खोलीत एकटी बसली. औषधाची वेळ, दवाखान्याची तारीख, बसची वेळ, भाड्याचा दिवस हे सारे आता त्यांनी स्वतःच सांभाळायचे होते. ते कसे करायचे हे कोणी शिकवलेच नव्हते. १९७७ साली गॅरी कीलहॉफनर या तरुण अमेरिकी व्यवसायोपचारकाने मायर यांचा विसरलेला धागा पुन्हा उचलला. वेळेशी जुळवून घेणे हा उपचाराचा स्वतंत्र विषय आहे, असे त्यांनी मांडले.

१४/
येथे दुसरा एक प्रवाह येऊन मिळतो. लक्ष टिकवता न येण्याच्या अवस्थेचे वर्णन स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रिच्टन यांनी १७९८ सालीच केले होते. तरीही आज जिला एडीएचडी म्हणतात, ती अवस्था विसाव्या शतकात बराच काळ लहान मुलांचीच मानली गेली. मूल मोठे झाले की ती आपोआप जाते, असा समज होता. तो टिकला नाही. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेने प्रौढांसाठी निकष सैल केले.

१५/
तोपर्यंत अशा प्रौढांच्या वाट्याला निदानाऐवजी विशेषणे येत. वेंधळा, आळशी, बेजबाबदार. आपल्या घरांतही हे शब्द परके नाहीत. संशोधनाने या विशेषणांच्या जागी एक क्षमता ठेवली. किती वेळ गेला हे जाणवणे, आज वार कोणता आणि आपण दिवसाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत हे कळणे, आणि त्यानुसार कामे लावणे, असे तिचे तीन थर आहेत. एडीएचडी, स्वमग्नता, छिन्नमनस्कता किंवा खोल नैराश्य यांत यांपैकी कोणताही थर डळमळू शकतो. तेव्हा ‘जरा लवकर निघत जा’ हा उपदेश निरर्थक ठरतो.

१६/
स्वीडनने यावर साधने घडवली. तेथील एका घड्याळात अंकांऐवजी ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे पाव तास. वेळ सरेल तसे ठिपके विझत जातात. उरलेला वेळ मोजावा लागत नाही, दिसतो. मराठी वाचकाला येथे आपले घटिकापात्र आठवेल. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर तरंगत हळूहळू भरते आणि चोवीस मिनिटांनी बुडते. मुहूर्ताकडे डोळे लावून बसलेल्या मंडळींनाही वेळ अशीच डोळ्यांसमोर सरताना दिसे.

१७/
मग प्रश्न आला पुराव्याचा. २०१० साली अमेरिकेत दोन महत्त्वाच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. न्यूयॉर्कमध्ये मेरी सोलांटो यांच्या गटाने एडीएचडी असलेल्या ८८ प्रौढांची दोन भागांत विभागणी केली. एका भागाला बारा आठवडे वेळेचे नियोजन आणि कामाची आखणी शिकवली, दुसऱ्याला केवळ भावनिक आधाराची गटचर्चा दिली. पहिल्या भागाचे अवधान अधिक सुधारले. बोस्टनमध्ये स्टीव्हन सॅफ्रेन यांच्या गटाने, औषध चालू असलेल्या ८६ प्रौढांवर, विश्रांतीच्या प्रशिक्षणाशी अशीच तुलना केली. तेथेही कौशल्ये शिकवलेला गट पुढे राहिला.

१८/
न्यूयॉर्कच्याच ब्रुकलिन भागात सुझान व्हाइट या व्यवसायोपचारकाने असा एक गट-अभ्यासक्रम घडवला. तो स्वीडनमध्ये नेऊन तेथील संशोधकांनी मानसिक आजार तसेच मज्जाविकासाशी निगडित अवस्था असलेल्या प्रौढांसाठी दहा साप्ताहिक बैठकांत बसवला. पद्धत साधी आहे. दिनदर्शिका कोणती वापरायची ते प्रत्येकाने स्वतः ठरवायचे. कामाला लागणारा वेळ आधी अंदाजाने लिहायचा, नंतर मोजायचा. फसले तर का फसले ते गटात बोलायचे, दुसरा मार्ग करून पाहायचा. चूक हा येथे अभ्यासाचा भाग असतो.

१९/
स्लेगल यांचा तक्ता आणि ही डायरी यांत शंभर वर्षांचे अंतर आहे. दोन्हींत उठण्याची वेळ आहे, जेवणाची वेळ आहे, झोपेची वेळ आहे. फरक लेखणी कोणाच्या हातात आहे याचा. तक्त्यात रुग्णाला काय करायचे ते वाचावे लागे. डायरीत तो आपल्याला काय करायचे आहे ते लिहितो. कोणती कामे महत्त्वाची, कोणती टाळली तरी चालतील, दिवसातला कोणता तास फक्त स्वतःचा, हेही तोच ठरवतो.

२०/
या प्रशिक्षणाने आजार नाहीसा होत नाही. औषधाची जागाही ते घेत नाही. शिवाय सगळा भार त्या माणसावरच टाकला, तर जुनी घंटा नव्या नावाने परत येते. कामाच्या ठिकाणची सवलत, परीक्षेतील वाढीव वेळ, घरच्यांची समज यांची जोड लागते. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजार, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना यादीत स्थान दिले. एडीएचडीचे स्वतंत्र नाव मात्र त्या यादीत नाही.

२१/
यॉर्कमधील त्या घराने माणसाच्या हातातील साखळदंड सोडवले आणि त्याला नेमाचा दिवस दिला. तो दिवस नेमका कोणाचा, हे ठरायला पुढची दोनशे वर्षे गेली. व्यवसायोपचाराच्या खोलीत आज कोणी पंचविशीतला तरुण वहीत लिहितो, ‘आंघोळ : अंदाज १० मिनिटे, प्रत्यक्षात ३५.’ त्याला कोणी रागावत नाही. तो खाली पुढची ओळ लिहितो, ‘उद्या अर्धा तास आधी उठेन.’ घंटा वाजवायची वेळ आता तोच ठरवणार असतो.