सक्तीची सैन्यभरती आणि घरचा धंदा

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने गावात स्मृतिस्तंभ उभारला. यांपैकी कोणालाही भरतीच्या कायद्याने बोलावले नव्हते. भारतीयांवर सैन्यभरतीची सक्ती करणारा कायदा त्या युद्धात झाला नाही. साहजिकच, ‘दुकान बघायला दुसरे कोणी नाही’ असे सांगून सूट मागण्याचे कलमही येथे कधी लिहिले गेले नाही.

ते लिहिले गेले ब्रिटनमध्ये. जानेवारी १९१६ मध्ये तेथील संसदेने मिलिटरी सर्व्हिस ॲक्ट संमत करून १८ ते ४१ वर्षे वयाच्या अविवाहित पुरुषांना भरती सक्तीची केली. मे महिन्यात विवाहितांनाही तीत ओढले. सूट मागण्याची कारणे कायद्यातच नमूद होती. राष्ट्रहिताचे काम, आजारपण आणि युद्धास सदसद्विवेकबुद्धीचा विरोध यांबरोबरच असाधारण आर्थिक, व्यावसायिक वा कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे ओढवणारी गंभीर हलाखी, हेही एक कारण मानले गेले. एकट्याने धंदा चालविणारे किराणा दुकानदार, बेकरीवाले, चांभार याच कलमाचा आधार घेत. अर्ज स्थानिक न्यायमंडळापुढे चाले आणि तेथे लष्कराचा प्रतिनिधी हजर राहून विरोध करू शकत असे. अनेकांना मिळालेली सूट काही महिन्यांपुरतीच होती. धंदा कोणाच्या हाती सोपवायचा की कुलूप लावायचे, हे ठरविण्याची ती सवड होती, इतकेच.

भारतात १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स ॲक्टने सक्ती आणली, ती येथील युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांपुरती. भारतीयांसाठी त्या दलाचे दार स्वेच्छेचे होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० च्या वटहुकुमाने कुशल तांत्रिक कामगारांना युद्धोपयोगी कारखान्यांत कामास लावण्याचा अधिकार सरकारने घेतला. तथापि ती कारखान्यातील सक्ती होती, रणांगणावरची नव्हे.

त्या काळी सातारा ब्रिटिश अमलाखालील जिल्हा होता, तर सांगली हे पटवर्धनांचे संस्थान. १९१४ मध्ये शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. कोरडवाहू शेतीच्या घराला ही रोकड मोठीच होती. कोणी जायचे आणि शेत वा दुकान कोणी सांभाळायचे, याचा निवाडा करणारे न्यायमंडळ येथे नव्हते. तो घरातच होई. एकत्र कुटुंबातला मागे राहिलेला भाऊ हीच येथली सूट म्हणता येईल. ज्याला भाऊ नव्हता, त्याची दाद घेणारे कोणी नव्हते.

स्वतंत्र भारतातही सर्वसाधारण सक्तीची भरती नाही. मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २३(२) नुसार सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादता येते. धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. प्रादेशिक सेना अर्थात टेरिटोरियल आर्मीचा १९४८ चा कायदा आहे. त्याच्या कलम ६-अ अन्वये सरकारी वा सार्वजनिक उपयुक्तता सेवेतील २० ते ४० वर्षे वयाच्या व्यक्तींना आवश्यकता पडल्यास सेवेस बोलावता येते. छोटा दुकानदार या यादीत नाही.

पण संरक्षणाच्या यादीतही तो नाही. प्रादेशिक सेनेतून परतलेल्या नोकरदाराला पुन्हा कामावर घेण्याचे बंधन कलम ७-अ मालकावर घालते, आणि त्याचे भविष्यनिर्वाह निधीचे हक्क ७-ब अन्वये राखले जातात. स्वतःच मालक असलेल्याला ही तरतूद काय उपयोगाची? मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न असलेली प्रादेशिक सेनेची १०९ वी बटालियन कोल्हापुरात आहे आणि स्वयंरोजगार करणाऱ्यांनाही प्रादेशिक सेनेत प्रवेश आहे. सांगलीच्या पेठेतील एखादा हळदीचा छोटा व्यापारी तीत दाखल झाला आणि बटालियन प्रत्यक्ष सेवेवर बोलावली गेली, तर त्याच्या गाळ्याचे भाडे व बँकेचा हप्ता यांविषयी हा कायदा काहीच बोलत नाही.

थोडा आधार मिळतो तो १९२५ च्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्टचा. युद्धसेवेत असलेला सैनिक दिवाणी दाव्यात हजर राहू शकत नसेल, तर जिल्हाधिकारी तसे न्यायालयास कळवू शकतात आणि दावा स्थगित राहू शकतो. थकबाकीचा दावा झालाच, तर घरच्यांनी प्रथम जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.