भाईंदरला राहतो, भाईंदरला उतरतो, भाईंदरला जातो : ‘ला’ एकच, इंग्रजीत शब्द तीन!

भाईंदर : राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही गावाकडून मीरा-भाईंदरला नोकरीसाठी येणाऱ्या अनेकांची गाडी मुलाखतीत ‘इन, ऑन, ॲट’वर अडते. मराठीत ‘ला’, ‘वर’, ‘पासून’ शब्दाच्या शेवटी लागतात. इंग्रजीत प्रिपोझिशन शब्दाच्या आधी येतं आणि अर्थ बघून बदलतं. म्हणून शब्दाला शब्द ठेवू नका, अर्थ बघा.

जागा सांगताना

• भाईंदरला राहतो : ‘आय लिव्ह इन भाईंदर’. गाव, शहर, जिल्हा असेल तर इन.
• भाईंदरला उतरतो : ‘आय गेट ऑफ ॲट भाईंदर’. स्टेशन, स्टॉप, गेट असेल तर ॲट.
• भाईंदरला जातो : ‘आय गो टू भाईंदर’. कुठे जायचं ते सांगताना टू. पण ‘घरी जातो’ म्हणजे नुसतं ‘आय गो होम’.
• मीरा रोड स्टेशन दहिसर आणि भाईंदरच्या मध्ये आहे : इथे इन नाही, बिटवीन.

वेळ सांगताना

वर्ष, महिना असेल तर इन. वार, तारीख असेल तर ऑन. घड्याळातली वेळ असेल तर ॲट. मीरा-भाईंदर महानगरपालिका स्थापन झाली ‘इन २००२’. पूर्ण तारीख सांगायची तर ‘ऑन २८ फेब्रुवारी २००२’.

मुलाखतीतली नेहमीची चूक

‘तीन वर्षांपासून काम करतो’ याला बरेच जण ‘सिन्स थ्री इयर्स’ म्हणतात. बरोबर आहे ‘फॉर थ्री इयर्स’. किती काळ ते सांगायचं तर फॉर, कधीपासून ते सांगायचं तर सिन्स : ‘सिन्स २०२२’. तसंच ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लावू नका.

अर्ज भरताना इथे फसू नका

• बाय १५ जून : १५ तारखेला दिला तरी चालतो.
• बिफोर १५ जून : १४ तारीख शेवटची.
• विदिन सेव्हन डेज : सात दिवसांच्या आत.

एका शब्दाच्या फरकाने अर्ज बाद होऊ शकतो. शंका आली तर एक दिवस आधीच भरून टाका.

सराव कसा करावा?

नियमांची यादी पाठ करत बसू नका. घरापासून कामापर्यंतच्या रोजच्या प्रवासावर पाच वाक्यं इंग्रजीत बोला. आठवडाभरात कान तयार होतो.